गाभाऱ्यातली जागा

त्या चर्चला छप्पर नाही. ते वाऱ्याने गेलं की माणसांनी उतरवून नेलं, हे आता कोणालाच सांगता येत नाही. आयर्लंडमधल्या एनिसच्या पलीकडे, दोन गाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मुकाट्याने मागे जावं लागेल अशा रस्त्याच्या टोकाला, गाईंच्या कुरणाला लागून ते उभं आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा फेब्रुवारी होता, पाऊस आडवा येत होता आणि फाटकाला कुलूप होतं. किल्ली समोरच्या घरातल्या म्हातारीकडे असते, असं ऑफिसात सांगितलं होतं. तिने दार उघडलं, माझं हेल्मेट पाहिलं, हातातली टेप पाहिली, आणि हॅलो-बिलो काही न म्हणता विचारलं, "आम्हाला बाहेर काढायला आलीस का?"

मला राग आला. मला तो तसा लवकर येतो. पण प्रश्न चुकीचा नव्हता. पुण्यात आर्किटेक्चर, मग डब्लिनला जुन्या इमारतींच्या जतनाचा अभ्यासक्रम, मग सगळे राहतात तसं इथेच राहणं, अशा रस्त्याने मी एनिसमधल्या एका छोट्या ऑफिसात आले होते. माझं काम म्हणजे जुन्या भिंतींची तब्येत पाहणं. कुठली भिंत उभी राहील, कुठली नाही, ते मी लिहून देते, आणि धोका असेल तर माणसांना आत जाऊ देऊ नका, असंही लिहून देते. म्हातारीला हे कोणीतरी आधीच सांगितलेलं होतं.

तिची काळजी एकच होती आणि ती तिने पहिल्याच चहाला माझ्यासमोर ठेवली. तिचे आईवडील, आजीआजोबा, त्यांच्या आधीचे आणि तिचा नवरा, सगळे चर्चच्या आत पुरलेले होते, पूर्वेकडच्या खिडकीखाली. नवऱ्याशेजारची जागा तिची होती. ऐंशी केव्हाच उलटलेली, गुडघे गेलेले, मूलबाळ नाही. "मला फक्त तिथे जायचंय," ती म्हणाली. "फुटबॉलच्या मैदानाशेजारी नवीन दफनभूमी केलीये ना, तिथे नाही. तिथे पार्किंग आहे म्हणे. मी काय गाडी लावणार आहे तिथे?"

मी म्हटलं, आधी भिंती बघू दे. तिने किल्ली दिली, पण चहा पुरता संपवल्याशिवाय दिली नाही.

शिकत असताना आम्हाला इंग्लंडमधली गावोगावची मध्ययुगीन चर्चेस दाखवायला नेलं होतं. तिथे मनोरा, घंटा, सागवानासारखं काळं पडलेलं ओकचं छत, बाकांवर लोकरीच्या उशा, दाराशी केक विकणाऱ्या बायका. सहा-सातशे वर्षं अखंड वापरात असलेली इमारत आणि आत आमच्याशिवाय कोणीही नाही. इथे उलटं. चार भिंती, मधून आकाश, गाईंचं हंबरणं, आणि आत पाय ठेवायला जागा नाही इतकी माणसं, सगळी जमिनीखाली.

भिंत वाचायला शिकलं की ती बोलते वगैरे म्हणतात. मला तसं कधी वाटलं नाही. ती बोलत नाही, तिची उलटतपासणी घ्यावी लागते. पश्चिमेची भिंत सर्वात जुनी, एकेक दगड ट्रंकेएवढा, जवळजवळ चुन्याशिवाय बसवलेला. तिथलं दार आता बुजवलंय, पण त्याच्या बाजू वर जाताना आत झुकतात आणि माथ्यावर कमान नाही, एकच आडवा दगड आहे. म्हणजे इंग्रज सरदार या बेटावर येण्याच्या आधीचं बांधकाम. ते आल्यावर सगळं रीतसर झालं, गावांचे पॅरिश, म्हणजे एकेका चर्चचे इलाखे, झाले, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला जाऊ लागला, आणि प्रत्येक पॅरिशला साजेसं चर्च हवं म्हणून पूर्वेला एक खोली वाढवली. लोकांनी उभं राहायचं ते नेव्ह, पाद्र्याने पूजा करायची ते चान्सेल. माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून सभामंडप आणि गाभारा हेच शब्द आहेत. दोन्हींच्या मधली कमान साधी आहे, पण दगड इतके नेटके बसलेत की सांध्यात पोस्टकार्ड जाणार नाही. पूर्वेची जोडखिडकी सर्वात शेवटची, वर टोक काढलेले दोन अरुंद झरोके, करड्या चुनखडीत कोरलेले. ज्याने ते कोरले त्याचे हात चांगले होते.

पुढे लंडनच्या राजाने धर्म बदलला आणि चर्चही नव्या पंथाकडे गेलं. गाव मात्र जुन्याच पंथात राहिलं. नव्या पंथाला माणसं मिळाली नाहीत, जुन्या पंथाला इमारत मिळाली नाही, आणि मध्येच छप्पर गेलं. लोक प्रार्थनेला दुसरीकडे, कधी झोपडीत, कधी उघड्यावर जमू लागले. पण मेल्यावर मात्र त्यांना इथेच यायचं होतं. म्हणून ते आत पुरत राहिले, पिढ्यानपिढ्या, आणि आतली जमीन वर वर येत गेली. गाभाऱ्याच्या भिंतीत पाद्र्याने हात धुवायचा कोनाडा आहे. तो कंबरेच्या वर असायला हवा. आता तो माझ्या गुडघ्याशी येतो. मी टेप लावून माप घेतलं आणि मग जरा वेळ काही न मोजता उभी राहिले.

उत्तरेच्या भिंतीला एकही खिडकी नाही. तिकडे ऊन येत नाही, वारा येतो. तिच्या बाहेरच्या बाजूला गवतात लहान लहान दगड उभे रोवलेले दिसले, नाव नाही, कोरीवकाम नाही. नकाशावर काय म्हणून दाखवायचे ते कळेना, म्हणून मी म्हातारीला विचारलं.

"ती पोरं," ती म्हणाली.

बाप्तिस्मा होण्याआधी गेलेली मुलं. त्यांना पवित्र जमिनीत घ्यायचं नाही, असा त्या काळच्या पाद्र्यांचा नियम होता. मग बाप खोक्यात घालून आणायचा आणि कुंपणाबाहेर नाहीतर उत्तरेला, कोणाला दिसणार नाही अशा बाजूला ठेवून जायचा. आई यायची नाही, तिने यायचं नसे. म्हातारीचा भाऊ तिथे होता. तिच्यानंतर जन्मलेला, एक श्वाससुद्धा न घेतलेला. तिच्या वडिलांनी दगड दाखवला तो मरायला टेकल्यावर, तोवर घरात कोणी त्याचं नावही काढलं नव्हतं. नाव नव्हतंच म्हणा.

"माझे सगळे आत," ती म्हणाली, "आणि हा बाहेर, थंडीत. भिंतीची जाडी केवढी आहे गं?"

मी सांगितली. माझ्या हाताएवढी.

तेव्हा मी पोटुशी होते. हे मी ऑफिसात सांगितलं नव्हतं, पण म्हातारीच्या नजरेतून सुटलं नाही. पुढच्या खेपेला तिने मला गाभाऱ्यात शिडीवर चढू दिलं नाही. पुतण्याला बोलावून त्याला चढवलं आणि टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं. पुतण्या पन्नाशीचा, गाईवाला, गावातल्या दफनभूमी समितीचा प्रमुख. तो दर वाक्यानंतर "ग्रँड" म्हणायचा. इथे त्याचा अर्थ ठीक आहे, एवढाच. भिंत कलली आहे म्हटलं तरी ग्रँड.

मे महिन्यात कराडहून सासूबाई आल्या. बाळंतपणासाठी डिंक, अळीव, बाळंतशोपा, कपड्यांच्या घड्यांत घालून आणलेलं सगळं. किचनमधला अर्धा प्रेस, म्हणजे इथल्या भाषेत कपाट, त्यांनी त्यानेच भरला. मी चिडले, कारण भांड्यांना जागा उरली नाही. आमची नेहमीची कुरबुर झाली. दिवस भरत आले होते आणि आम्हाला भांडायला दुसरं काही नव्हतं.

मग एके दिवशी पोटातली हालचाल थांबली. हॉस्पिटलमध्ये त्यांनी स्क्रीन माझ्याकडून वळवून घेतला तेव्हाच मला कळलं. मुलगी होती. केस काळेभोर, भरपूर. तिला जन्म द्यावाच लागला, आणि तो कसा, ते मी इथे लिहिणार नाही.

इथली एक पद्धत आहे. अशा बाळाला दोन-तीन दिवस घरी नेऊ देतात. गार राहणारा एक पाळणा देतात. नर्सने हे इतक्या मायेने सांगितलं की मी हो म्हटलं. सासूबाई पाळण्याकडे पाहून भिंतीला टेकल्या. "मढं घरात ठिवत्यात का कुठं?" त्या म्हणाल्या. आणि मग त्याच रात्रभर पाळण्याशेजारी बसून राहिल्या.

ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता. नवरा शॅननला विमानांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला प्रत्येक गोष्टीचा सरळ रस्ता लागतो. तो म्हणाला, "आपण सिंपल ठेवू. क्रिमेशन करू. अ‍ॅशेस नाशिकला नेऊ." हॉस्पिटलच्या बाईने हळूच सांगितलं की इतक्या लहान बाळाची राख मिळेलच असं नाही. 

"अन् जाळायचं कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "दात न आल्यालं लेकरू जाळत न्हाईत. पुरत्यात. शिवेवर, गावाच्या भाईर, मीठ घालून. आमच्यात तसंच करत्यात." मला ते माहीत होतं. माहीत असणं वेगळं, आणि आपल्या पोरीबद्दल कोणी शिवेवर म्हणणं वेगळं. मी त्यांच्यावर ओरडले. मग मला ते लहान दगड आठवले आणि मी ओरडायची थांबले. शीव म्हणायची तर तशी एक जागा मला ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी पुतण्या म्हातारीला जीपमधून घेऊन आला. बाळ पाहायला. इथे मेलेलं माणूस पाहायला येतात, सँडविच घेऊन येतात, त्यात संकोच नसतो. ती काठी टेकत पाळण्याशी गेली, वाकून पाहिलं, केसांवरून बोट फिरवलं. "केवढे केस," म्हणाली. मी तिला विचारलं, तुझ्या भावाशेजारी ठेवू का?

"नाही," ती म्हणाली.

सिनेमात अशा वेळी दोन देशांच्या दोन म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरतात. आमच्याकडे तसं काही झालं नाही. आयरिश म्हातारी खुर्चीत ताठ बसून म्हणाली की किल्ली तिच्याकडे आहे तोवर त्या बाजूला पुन्हा एकही मूल जाणार नाही. पुष्कळ झालं. हे बाळ आत जाईल, खिडकीखाली, तिच्या घरच्या जागेत, जिथे पाद्री उभा राहायचा तिथे. मी ते सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या कडाडल्या. "गाभाऱ्यात? देवाच्या गाभाऱ्यात लेकराचं मढं पुरायचं? कुनाच्या डोक्यातनं निघालं हे? देव बाटंल." म्हातारीने विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, त्यांना बाहेर हवंय. म्हातारी म्हणाली, "त्यांना सांग, बाहेर म्हणजे काय ते मला माहीत आहे, त्यांना नाही."

दोघीही हटेनात. दोघींनाही माझ्या मुलीचं भलंच हवं होतं, हे तेव्हा मला दिसत नव्हतं. मला फक्त दोन हट्टी बायका दिसत होत्या. शेवटी मी ठरवलं. आत. उत्तरेची ती ओली, बिनखिडकीची बाजू मी मोजली होती. माझी पोर मला तिथे नको होती, इतकं साधं होतं ते.

परवानगीचं पुतण्याने पाहिलं. जागा घरची आणि वापरातली असल्याने फार अडलं नाही. खड्डा शेजारीच खणतात, भाड्याची माणसं लावत नाहीत. दफन मंगळवारी होतं, म्हणजे खणायचं सोमवारी, आणि सोमवारी नवी जमीन उघडायची नाही असा तिकडचा दंडक आहे. म्हणून पुतण्याने रविवारी जाऊन गवताचा एक तुकडा उलटून ठेवला. सुरुवात रविवारी झाली, की सोमवारचा दोष लागत नाही. हे ऐकून सासूबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा समाधान दिसलं. इथेही काहीतरी पाळतात म्हणायचं.

जागा मी दाखवली. खिडकीखालची भिंतीलगतची जागा म्हातारीच्या नवऱ्याची, शेजारची म्हातारीची. त्यांच्या पायांशी, भिंतीपासून लांब, जिथे खणल्याने भिंतीच्या पायाला धक्का लागणार नाही तिथे मी काठी रोवली. आई म्हणून की आर्किटेक्ट म्हणून, ते मला अजून सांगता येत नाही. माझ्या नवऱ्याने खोकं आणलं. सासूबाईंनी मीठ घातलं, मग हळदकुंकू, मग अळिवाची पुडी उघडून तीही रिकामी केली. पाद्री नव्हता, भटजी नव्हता. म्हातारीने काहीतरी पुटपुटलं. पुतण्या टोपी हातात धरून उभा होता, आणि त्या दिवशी तो एकदाही ग्रँड म्हणाला नाही.

सासूबाई महिनाभराने परत गेल्या. मी रजेवर होते, घरातून बाहेर पडत नव्हते, ऑफिसचा फोन घेत नव्हते. चर्चचा अहवाल अर्धा राहिला होता. जुलैच्या शेवटी म्हातारीचा निरोप आला. पुढच्या आठवड्यात वर्षातून एकदा होतो तो कबरी पवित्र करायचा रविवार आहे, ये, तुझ्यासाठी काहीतरी केलंय.

गेले. त्या रविवारी फाटकातूनच मला ते दिसलं. पूर्वेची भिंत उघडी होती. शंभरेक वर्षांची आयव्हीची वेल, हाताएवढी जाड खोडं, तिने ती सगळी भिंत बाहेरून माथ्यापर्यंत झाकलेली असायची. ती नव्हती. समितीचे दहा-बाराजण आदल्या दिवशी, शनिवारी, ट्रॅक्टर आणि साखळ्या घेऊन आले होते आणि त्यांनी ती मुळासकट ओढून काढली होती. भिंत घासून स्वच्छ केली होती. माझ्या मुलीच्या जागेभोवती पांढरे खडे मांडले होते. खिडकीच्या दोन्ही झरोक्यांतून ऊन सरळ तिच्यावर येत होतं.

"तिला सकाळचं ऊन मिळावं म्हणून," पुतण्या म्हणाला. हातावर ओरखडेच ओरखडे. "तुमच्याकडे सूर्याचं महत्त्व असतं ना? वाचलं मी इंटरनेटवर."

मी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आयव्ही भिंत खाते, हे खरं. मुळं सांध्यात शिरतात, चुना भुसभुशीत करतात, आतला भराव पोखरतात. पण शंभर वर्षांनी चुना उरलेलाच नसतो आणि तीच मुळं दगड धरून ठेवतात. ती काढायची तर बुंध्याशी कापायची, जागच्या जागी वाळू द्यायची, मग वरून थोडी थोडी सोडवत, मागोमाग चुना भरत खाली यायचं. हे मी त्यांना सांगितलं असतं, कोणी विचारलं असतं तर. पण मला त्रास द्यायचा नाही, असं सगळ्या गावाने ठरवलं होतं.

खिडकीच्या डाव्या अंगाला भिंतीला पोट आलं होतं. माथ्यापासून झरोक्यापर्यंत भेग गेली होती, आत हात जाईल एवढी, आणि कडा ताज्या. मी माझ्या मुलीच्या जागेवर उभी राहून वर पाहत होते आणि त्या भेगेतून मला आकाश दिसत होतं.

भेगेवर एक प्लॅस्टिकची पट्टी बसवतात. तिच्यावर रेघा असतात, भिंत हलली की त्या सरकतात. मी ती बसवली. दोनच आठवड्यांत रेघ सरकली. मग अहवाल पुरा करण्यावाचून इलाज नव्हता. गाभाऱ्यात प्रवेश बंद, खणण्यास पूर्ण मनाई, कुंपण तातडीने. दुरुस्ती व्हायची तेव्हा होईल. संरक्षित इमारत, परवानग्या, चुन्याचं काम फक्त उन्हाळ्यात करता येतं, आणि कौन्सिलच्या रांगेत आमच्या पुढे कितीतरी भिंती. त्या रांगेत म्हातारीचं वय कोणी धरलेलं नव्हतं.

हे दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मी तिला जाऊन सांगितलं. ती चहाच्या भांड्यावर लोकरीची टोपी घालत होती.

"माझा नवरा आत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"तुझी मुलगीही आत आहे."

"ते मला माहीत नाही का?" माझा आवाज चढला.

"मग?"

"मग काय? भिंत पडली, तर खाली असेल तो मरेल. मी हे तोंडाने बोलून लिहिताना वेगळं लिहू का?"

तिने टोपी भांड्यावर नीट बसवली. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी तुला विचारलं होतं मी." आणि कप माझ्याकडे सरकवला. मी तो पिऊ शकले नाही. 

कबरी पवित्र करायचा तो रविवार सगळ्यांच्या आनंदात पार पडला होता, भेग तेव्हा फक्त मला दिसली होती. त्यानंतर कुंपण आलं, लोखंडी जाळीचं, कमानीच्या आडवं. आत जायची मुभा एकटीला, मला. हेल्मेट घालून, पट्टीवरची रेघ वाचायला. मी महिन्यातून एकदा जायचे. रेघ वाचायची, मग खाली बसायचं, खड्यांवरचं गवत काढायचं, आणि भिंत अंगावर येईल का याची वाट पाहिल्यासारखं बसून राहायचं. खरं सांगायचं तर कधीकधी ती यावी असंही वाटायचं. म्हातारी जाळीबाहेर काठीवर उभी असायची. तिला आत घेणं माझ्या हातात होतं, आणि मी घेतलं नाही.

जानेवारीत ती गेली. छातीत कफ झाला आणि हॉस्पिटलमधून परतली नाही. रविवारी दुपारी पुतण्या आमच्या दारात आला, जीपमध्ये फावडं. दफन मंगळवारी. "आजच गवत उलटायचंय," तो म्हणाला. "कुठे उलटू?"

मी कोट घातला आणि त्याच्याबरोबर गेले. पाऊस नव्हता, बारीक दंव होतं. मी कुलूप काढलं, त्याला जाळीबाहेर थांबवलं, आत जाऊन पट्टी पाहिली. ऑगस्टनंतर रेघ हलली नव्हती. सप्टेंबरची वादळं झाली, नोव्हेंबरची झाली, रेघ होती तिथेच. त्याने जाळीतून मान लांब करून पाहिलं. त्याला ती वाचायला मीच शिकवलं होतं.

"हलली नाही की," तो म्हणाला.

"नाही हलली."

"मग एकदाच. अर्धा दिवस. आम्ही सगळे हेल्मेट घालू. तिचं आयुष्य गेलं गं यासाठी."

म्हातारीची जागा भिंतीच्या पायाशी होती. माणसाच्या मापाचा खड्डा, तोही पोट आलेल्या भिंतीखाली, आणि खणणारे चौघे, बायकापोरं असलेले. मी खिडकीकडे पाहिलं, खाली पांढऱ्या खड्यांकडे पाहिलं. माझी पोर त्या गाभाऱ्यात होती ती या बाईच्या शब्दामुळे. मी नाही म्हटलं.

मला वाटलं तो शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "तू नाही म्हणशील, तुझ्याशी हुज्जत घालायची नाही, असं सांगून ठेवलंय तिने. आणि तू नाही म्हटलंस, तर उत्तरेला. भावाशेजारी."

तो फावडं घेऊन भिंतीला वळसा घालून गेला. मी आतच उभी होते. भिंतीपलीकडून पातं जमिनीत गेल्याचा आवाज आला, एकदाच, आणि मग गवताचा तुकडा उलटल्याचा. मी तिथेच कोनाड्याला टेकून रडले. मोठ्याने. त्याला ऐकू गेलं असणार.

मंगळवारी अख्खं गाव उत्तरेच्या बाजूला उभं होतं, जिथे पूर्वी एकटा बाप लपूनछपून यायचा. पाद्री पवित्र पाणी शिंपडताना त्या लहान दगडांपर्यंत गेला. शेवटच्या दगडापर्यंत गेला.  नंतर हॉलमध्ये सँडविच खाताना बायका माझ्याशी नीट बोलल्या, विचारपूस केली, पुतण्याच्या बायकोने माझी कपबशी भरली. मला कोणीच काही म्हटलं नाही, आणि मला ते सहन होत नव्हतं.

भिंत अजून उभी आहे. रेघ अजूनही सरकलेली नाही. दुरुस्तीचा नंबर पुढच्या उन्हाळ्यात लागेल म्हणतात. कदाचित त्या दिवशी काहीच झालं नसतं, चौघांनी खणलं असतं, वर आले असते, आणि म्हातारी नवऱ्याशेजारी असती. कदाचित नसतंही. आज विचारलं तरी मी नाहीच म्हणेन, आणि तरी मला झोप लागत नाही.

सासूबाईंना हे सगळं मी फोनवर सांगितलं. व्हिडिओवर त्यांचं अर्धंच कपाळ दिसत होतं, नेहमीसारखं. म्हातारी गेली ऐकून त्यांनी डोळ्याला पदर लावला. मग कुठे ठेवलं ते विचारलं. मी सांगितलं, बाहेर, लहान मुलांच्या दगडांपाशी.

त्यांनी पदर खाली घेतला. "म्या तवाच म्हनलं हुतं, भाईर ठिवा," त्या म्हणाल्या. "ठिवलं असतं, तर ती येल कुनी वढली नसती. म्हातारी बी तिच्या मानसांत गेली असती. अन् तिला जायाचं भाईरच हुतं, तर आज आपलं लेकरू तिच्या कुशीला असतं. आता तिथं भिंतीच्या आत एकलं पडलं."

सासूबाईंवर चिडायला मला एरवी निमित्त लागत नाही. त्या दिवशी मी चिडले नाही. फोन ठेवला, हेल्मेट घेतलं आणि रेघ वाचायला निघाले.